न वाचलेले कलम आणि चार संथ गाणी : ‘हॉट बटर्ड सोल’ची कहाणी

१९६९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील रेकॉर्डच्या दुकानांत एक चमत्कारिक तबकडी येऊन दाखल झाली. तिच्या वेष्टनावर गायकाचा चेहरा नव्हता. वरून टिपलेले त्याचे तुळतुळीत डोके आणि गळ्यातील सोन्याची साखळी एवढेच दिसत होते. वेष्टन उलटून पाहावे तर गाणी अवघी चार. त्यांतील एक बारा मिनिटांचे. दुसरे तब्बल अठरा मिनिटे बेचाळीस सेकंदांचे, आणि त्यातही पहिली आठ मिनिटे उलटून जाईपर्यंत गायक गातच नाही, नुसता बोलतो. विषय चारही गाण्यांत प्रेमाचाच : फिस्कटलेल्या, चोरट्या, लाडिक किंवा सोडून निघालेल्या प्रेमाचा.

ज्या काळी रेडिओवर तीन मिनिटांहून लांब गाणे लावायला निवेदक कुरकुरत असे, त्या काळी ही तबकडी दहा लाखांहून अधिक खपली, असा तिच्या कंपनीचा दावा होता. गायकाचे नाव आयझॅक हेज, अल्बमचे नाव ‘हॉट बटर्ड सोल’ आणि कंपनीचे नाव स्टॅक्स.

मित्रहो, आजचा धागा या अल्बमविषयी आहे. मात्र तो प्रेमापासून नव्हे, एका करारापासून सुरू करावा लागेल. या तबकडीच्या जन्माचे कारण त्या करारातील एका कलमात दडलेले आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत, टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात जिम स्ट्युअर्ट नावाचा एक गोरा बँक कर्मचारी होता. फावल्या वेळात तो कंट्री संगीताची फिडल वाजवी. १९५७ मध्ये त्याने ‘सॅटेलाइट’ नावाची एक छोटी रेकॉर्ड कंपनी काढली. थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन तिच्यात भागीदार झाली. ध्वनिमुद्रण यंत्र घेण्यासाठी या बाईने आपले राहते घर गहाण टाकले. १९६० मध्ये भावंडांनी ईस्ट मॅकलेमोर ॲव्हेन्यूवरील कॅपिटॉल नावाचे बंद पडलेले चित्रपटगृह भाड्याने घेतले. खुर्च्या काढून तिथे स्टुडिओ केला. जमिनीचा उतार तसाच राहिला. दर्शनी भागात, पूर्वी जिथे खाऊ विकला जाई त्या जागी, एस्टेलने रेकॉर्डचे दुकान थाटले. वस्तीतील मुले तिथे गाणी ऐकायला जमत. कोणती तबकडी हातोहात जाते आणि कोणती फळीवर पडून राहते हे ती बारकाईने पाही, आणि तोच निरोप आत स्टुडिओत पोहोचे. याहून स्वस्त आणि याहून नेमकी बाजारपेठेची पाहणी क्वचितच कुणी केली असेल.

कॅलिफोर्नियात त्याच नावाची दुसरी कंपनी निघाल्यामुळे १९६१ मध्ये नाव बदलावे लागले. स्ट्युअर्टमधील पहिली दोन अक्षरे आणि ॲक्स्टनमधील पहिली दोन अक्षरे जोडून ‘स्टॅक्स’ झाले.

इथे घडलेल्या संगीताला सोल म्हणतात. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगीतांची आर्तता, त्यांतील हाक आणि प्रतिसाद, तो गळा भरून येणे, हे सारे ऐहिक प्रेमाच्या गाण्यात आणले की सोल होते. स्टॅक्सचे वैशिष्ट्य असे की, वर्णभेदाने दुभंगलेल्या मेम्फिसमध्ये या उतरत्या जमिनीच्या खोलीत गोरे आणि काळे वादक एकत्र बसून वाजवीत. बुकर टी. अँड द एमजीज हा तिथला मुख्य वाद्यवृंद. त्यात दोघे काळे, दोघे गोरे. बाहेर रस्त्यावर त्यांना एका टेबलाशी बसून जेवणे अवघड होते.

छोट्या कंपनीला देशभर माल पोहोचवण्यासाठी मोठा वितरक लागतो. स्टॅक्सला तो न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्सच्या रूपाने मिळाला. अटलांटिकचे जेरी वेक्सलर आणि स्ट्युअर्ट यांचा व्यवहार अनेक वर्षे तोंडी विश्वासावर चालला. १९६५ मध्ये तो कागदावर आला, आणि विशेष म्हणजे लेखी कराराची निकड स्ट्युअर्टलाच वाटत होती. उद्या अटलांटिक विकली गेली किंवा वेक्सलर तिथून गेले, तर आपल्याला बाहेर पडण्याची वाट असावी, हा त्याचा हेतू. ती वाट करारात होती. पण त्याच करारात आणखी एक कलम होते : अटलांटिकने वितरित केलेल्या स्टॅक्सच्या सर्व मूळ ध्वनिमुद्रणांची, म्हणजे मास्टर फितींची, मालकी अटलांटिककडे राहील.

स्ट्युअर्टने ते नीट वाचले नव्हते. वेक्सलर यांनीही पुढे, त्या कलमाची आपल्याला कल्पना नव्हती, असे म्हटले. वकिलाने लिहिले, दोघा मित्रांनी सह्या केल्या, आणि कागद कपाटात गेला.

१९६७ मध्ये अटलांटिक खरोखरच विकली गेली. वॉर्नर ब्रदर्स–सेव्हन आर्ट्स या कंपनीने ती घेतली. आता बाहेर पडावे म्हणून स्ट्युअर्टने करार काढला तेव्हा ते कलम समोर आले. १९६८ च्या मे महिन्यात संबंध तुटले तेव्हा स्टॅक्सजवळ इमारत होती, वादक होते, नाव होते. मात्र आठ वर्षांत मुद्रित केलेले जवळजवळ सारे संगीत दुसऱ्याचे झाले होते. सॅम अँड डेव्ह ही त्यांची गाजलेली गायकजोडी मुळात अटलांटिकच्याच करारात होती, स्टॅक्सकडे ती एक प्रकारे उसनी दिलेली. तीही परत गेली.

रेकॉर्ड कंपनीसाठी जुना संग्रह म्हणजे काय, हे इथे थांबून समजून घेतले पाहिजे. नवे गाणे हा जुगार असतो. स्टुडिओ, वादक, छपाई, जाहिरात असा सगळा खर्च आधी करायचा, आणि चालेल की नाही ते मागाहून कळायचे. वितरक पैसे देतात तेही रखडत. जुन्या गाण्याचे तसे नसते. त्याचा खर्च केव्हाच वसूल झालेला असतो, आणि दरवर्षी थोड्या थोड्या प्रती खपतच राहतात. त्या मिळकतीवर पगार निघतात, त्या मिळकतीकडे पाहून बँक कर्ज देते. शेतकऱ्याच्या कणगीतील धान्यासारखे ते असते. स्टॅक्सची कणगी एका सहीत रिकामी झाली.

आणि हे एकच संकट नव्हते.

१० डिसेंबर १९६७ रोजी स्टॅक्सचा सर्वांत मोठा गायक ओटिस रेडिंग याचे छोटे विमान विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसनजवळ मोनोना सरोवरात कोसळले. रेडिंग २६ वर्षांचा होता. त्याच्याबरोबर बार-केज या स्टॅक्सच्या तरुण वाद्यवृंदातील चौघे गेले. ती बहुतेक मुले जेमतेम शाळेतून बाहेर पडलेली. विमानातून बेन कॉली हा एकटा वाचला. जेम्स अलेक्झांडर हा बासवादक दुसऱ्या विमानाने येणार होता, म्हणून तोही राहिला. या दोघांनी पुढे नवी मुले जमवून बार-केज पुन्हा उभा केला. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

चार महिन्यांनी, ४ एप्रिल १९६८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. १९५९ च्या भारतभेटीत मुंबईच्या मणिभवनात मुक्काम करून गेलेले हेच ते किंग. मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी ते आले होते आणि लोरेन मोटेलच्या सज्जात उभे असताना त्यांना गोळी लागली. हे मोटेल स्टॅक्सच्या मंडळींचे जणू दुसरे घर होते. काळे आणि गोरे एकत्र बसू शकतील अशा शहरातील मोजक्या जागांपैकी ती एक. ‘नॉक ऑन वुड’ हे स्टॅक्सचे गाजलेले गाणे तिथल्याच एका खोलीत रचले गेले होते. शहर पेटले, स्टॅक्सची इमारत वाचली. पण त्या उतरत्या जमिनीच्या खोलीतील मोकळेपणा पूर्वीसारखा राहिला नाही, हे तिथल्या अनेकांनी पुढे सांगितले आहे.

या खोलीतच एक पियानोवादक आणि गीतकार होता, आयझॅक हेज.

त्याचा जन्म २० ऑगस्ट १९४२ चा, मेम्फिसच्या उत्तरेकडील कव्हिंग्टन गावचा. आई लहानपणीच गेली, आजी-आजोबांनी वाढवले. कापूस वेचणे, पडेल ते काम करणे, कपडे नीट नाहीत म्हणून शाळा सोडणे आणि शिक्षकांनी समजावल्यावर परत जाणे, या साऱ्यातून जात त्याने एकविसाव्या वर्षी शालेय शिक्षण पूर्ण केले. मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात काम केले. बुकर टी. विद्यापीठात शिकायला गेला असताना त्याच्या जागी हेजला स्टुडिओत वाजवण्याची संधी मिळाली आणि तो तिथेच रुजला. डेव्हिड पोर्टर या विमा विकणाऱ्या तरुणाबरोबर त्याची जोडी जमली. सॅम अँड डेव्हची ‘होल्ड ऑन, आय ॲम कमिन’ आणि ‘सोल मॅन’ ही दोन्ही गाणी या जोडीचीच.

म्हणजे १९६८ मध्ये हेजचे दुहेरी नुकसान झाले. ज्यांच्यासाठी तो गाणी रची ते गायक गेले, आणि त्या गाण्यांची ध्वनिमुद्रणेही गेली. किंग यांच्या हत्येचा घाव तर त्याहून खोल होता. त्यानंतर वर्षभर आपल्याला काही लिहिताच आले नाही, असे तो पुढे सांगे. गायक म्हणून त्याच्या नावावर एकच अल्बम होता. एका मेजवानीनंतर रात्री उशिरा, जवळजवळ गंमत म्हणून मुद्रित केलेला. तो कुणी विकत घेतला नाही.

आता या कथेतील दुसरा मुख्य माणूस. अल बेल, मूळ नाव अल्व्हर्टिस इझबेल, हा आर्कान्सासचा कृष्णवर्णीय रेडिओ निवेदक होता. तरुणपणी किंग यांच्या चळवळीच्या शिबिरांत त्याने काम केले होते. १९६५ मध्ये तो स्टॅक्समध्ये प्रसिद्धीप्रमुख म्हणून आला आणि थोड्याच वर्षांत कंपनीची सूत्रे त्याच्या हाती आली. काळ्या माणसाने रस्त्यावर हक्क मागावेत हे त्याला मान्य होते. पण धंदा उभारून पैसा आपल्या हाती ठेवावा, यावर त्याचा अधिक भर होता. कंपनी आता गल्फ अँड वेस्टर्न या उद्योगसमूहाने विकत घेतली होती. जुना संग्रह गेला आहे ना, मग नवा करू, आणि तोही एका दमात, असे बेलने ठरवले. १९६९ च्या मे महिन्यात मेम्फिसमध्ये विक्रेत्यांचा मोठा मेळावा भरवून त्याने एकाच वेळी २७ अल्बम आणि ३० सिंगल बाजारात आणण्याचा घाट घातला.

सत्तावीस अल्बम! वर्षाला चार-पाच काढणाऱ्या कंपनीलाही धाप लागावी असा हा आकडा. त्यासाठी जो दिसेल त्याला बेल अल्बम करायला सांगू लागला. गिटारवादकाला सांगितले, गीतकाराला सांगितले. हेजलाही सांगितले. पहिला अल्बम पडलेला असल्यामुळे हेजने अट घातली : या वेळी मला हवे तसे करू द्या. बेल म्हणाला, कर. आपल्यावर कसलेही दडपण नव्हते, ओझे वाहायला उरलेले सव्वीस अल्बम होतेच, अशा अर्थाचे हेजचे बोलणे प्रसिद्ध आहे. माझ्या मते या अल्बमच्या जन्माचे खरे रहस्य इथे आहे. नफ्याची अपेक्षा ज्याच्याकडून कुणी केलेली नव्हती, त्यालाच हवे ते करण्याची मोकळीक मिळाली.

स्टॅक्सचा स्टुडिओ बाकीच्या अल्बमांच्या गर्दीत अडकला होता, म्हणून मुद्रण मेम्फिसमधीलच आर्डंट स्टुडिओत झाले. निर्मितीची जबाबदारी बेल, मार्व्हेल थॉमस आणि ॲलन जोन्स या तिघांकडे होती. वाजवायला होता तो नवा बार-केज : बासवर विमान चुकलेला जेम्स अलेक्झांडर, ढोलावर विली हॉल, गिटारवर मायकेल टोल्स. हेज ऑर्गन वाजवीत त्यांच्याबरोबरच गायला. वादक आणि गायक एकाच वेळी, एकमेकांकडे पाहत, गाणे जाईल तिकडे जात राहिले. व्हायोलिनांचा आणि तुताऱ्यांचा भरजरी साज मागाहून डेट्रॉइटला जॉनी ॲलन या संयोजकाने चढवला.

आता गाण्यांकडे वळू. पहिले ‘वॉक ऑन बाय’. बर्ट बॅकरॅक आणि हॅल डेव्हिड यांची ही रचना १९६४ मध्ये डिऑन वॉरविकने गायली होती, जेमतेम तीन मिनिटांत. प्रेमभंगानंतर रस्त्यात भेट झालीच तर मला न पाहिल्यासारखे पुढे जा, असे विनवणारे गाणे. वॉरविकच्या गळ्यात ते संयमी, सुसंस्कृत दुःख होते. हेजने त्याची लय ओढून इतकी संथ केली की दोन ओळींमध्ये मौनाला जागा झाली. आधी दीर्घ वाद्यमेळ, मग गिटारचा फाटका, खरखरीत आवाज, आणि मग खोल, जवळजवळ थकलेला स्वर. शास्त्रीय संगीताची सवय असलेल्या आपल्या कानांना यात विलंबित ख्यालाची आठवण झाली तर नवल नाही. शब्द तेवढेच, पण प्रत्येक शब्दाभोवती फिरायला वेळ.

दुसऱ्या गाण्याचे नाव मुद्दाम जीभ अडखळावी असे रचलेले आहे : ‘हायपरबोलिकसिलॅबिकसेस्क्वेडॅलिमिस्टिक’. लांबलचक शब्दांची मिरवणूक काढून केलेला हा प्रेमातील थट्टेचा प्रकार. तिसरे ‘वन वुमन’ पाच मिनिटांचे. घरची एक आणि मनातली एक यांत अडकलेल्या पुरुषाचे. ते सर्वांत लहान आणि, स्पष्टच सांगायचे तर, चौघांत सर्वांत साधे.

आणि चौथे, ‘बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स’. जिमी वेबची ही रचना १९६७ मध्ये ग्लेन कॅम्बेल या गोऱ्या कंट्री गायकाने गाजवली होती. एक माणूस पहाटे मोटार घेऊन निघतो आणि मागे सोडलेली स्त्री आता काय करत असेल याचा गावागणिक विचार करतो, एवढाच तिचा ऐवज. हेजला ती रेडिओवर ऐकून फार भावली. मेम्फिसमधील टिकी क्लबात एका रात्री तो ती गायला बसला तेव्हा श्रोते आपापल्या गप्पांत दंग होते. हेजने ऑर्गनवर एकच स्वरमेळ धरून ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. हा माणूस कोण, ती बाई कशी होती, तिने त्याला किती वेळा फसवले, तो किती वेळा परत आला. हळूहळू गप्पा थांबल्या. गाणे सुरू झाले तेव्हा सारा क्लब त्या माणसाच्या मोटारीत बसलेला होता.

हा प्रकार आकाशातून पडलेला नव्हता. कृष्णवर्णीय चर्चमधील धर्मोपदेशक बोलता बोलता गाऊ लागतो, ही तिथली जुनी रीत. आपल्याकडील कीर्तनकाराचा पूर्वरंग आठवावा : आधी निरूपण, श्रोते कह्यात आले की मग आख्यान. हेजने उपदेशकाची ती पद्धत जशीच्या तशी उचलली आणि एका फसवल्या गेलेल्या प्रियकराच्या हवाली केली.

चार गाण्यांची बेरीज सुमारे ४५ मिनिटे. एलपी तबकडीच्या दोन्ही बाजूंना तेवढेच मावते. म्हणजे एलपी हे माध्यम जेवढे देऊ शकत होते तेवढे सगळे हेजने चार गाण्यांतच वापरून टाकले.

त्या काळच्या धंद्याचा विचार करता हे धाडस होते. कृष्णवर्णीय संगीताचा बाजार सिंगलचा आहे, असे उद्योगाचे ठाम मत होते. ज्यूकबॉक्समध्ये वाजणारी, साधारण डॉलरभरात मिळणारी छोटी तबकडी हा त्याचा कणा. चार-पाच डॉलरची एलपी गोऱ्या महाविद्यालयीन मुलांनी बीटल्सची घ्यावी, काळ्या वस्तीत ती कोण घेणार? म्हणून सोलचा अल्बम म्हणजे दोन-तीन गाजलेली सिंगल आणि उरलेली भरताड, असा सर्वसाधारण रिवाज. अपवाद होते, ते नाकारता येणार नाहीत. रेडिंगचा १९६५ चा ‘ओटिस ब्लू’ हा एकसंध अल्बम होता, मोटाउनचे आणि अरेथा फ्रँकलिनचेही अल्बम चांगले खपत. पण ज्यात सिंगल म्हणून काढता येईल असे एकही गाणे नाही, असा अल्बम केवळ अल्बम म्हणून चालवून दाखवणे वेगळे होते.

‘हॉट बटर्ड सोल’ जूनमध्ये स्टॅक्सच्या ‘एंटरप्राइज’ या उपशाखेतून निघाला. हे नाव बेलने ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील अंतराळयानावरून ठेवले होते. सत्तावीस अल्बमांच्या लोंढ्यात तो एक होता आणि कंपनीने त्याच्यावर विशेष भिस्त ठेवलेली नव्हती. मग निवेदकांनी तो लावायला सुरुवात केली. त्या वर्षांत एफएम रेडिओ नुकता बाळसे धरत होता, आणि तिथे रात्री लांबलचक रॉक गाणी वाजवण्याची प्रथा पडली होती; त्या वेळात हेजची बारा आणि अठरा मिनिटे सहज बसली. श्रोते दुकानांत जाऊन विचारू लागले. मागणी इतकी वाढली की ‘वॉक ऑन बाय’ आणि ‘फीनिक्स’ यांना कात्री लावून एकाच सिंगलच्या दोन बाजूंवर छापावे लागले. सिंगलमुळे अल्बम खपण्याऐवजी अल्बममुळे सिंगल निघाले, अशी उलटी गंगा वाहिली. दोन्ही बाजू बिलबोर्डच्या पहिल्या चाळिसात आल्या.

अल्बम बिलबोर्डच्या सोल यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि अनेक आठवडे तिथेच राहिला. जॅझच्या यादीतही तो पहिला आला. सर्वसाधारण यादीत, जिथे गोऱ्या रॉक गटांची गर्दी होती, तो आठव्या क्रमांकापर्यंत चढला. चार गाण्यांची एकच तबकडी सोलवाले सोल म्हणून, जॅझवाले जॅझ म्हणून आणि उरलेले रात्रीची सोबत म्हणून घेत होते. खपाचा दहा लाखांचा आकडा मी वर ‘कंपनीचा दावा’ म्हणून दिला, कारण स्टॅक्सच्या विक्रीची तेव्हा त्रयस्थ तपासणी होत नसे. यादीतील स्थाने मात्र कंपनीच्या हातातील नव्हती.

या एकाच अल्बमने स्टॅक्स वाचली, असे सर्रास लिहिले जाते. ते थोडे अतिरंजित आहे. १९६८ च्या शरद ऋतूतच जॉनी टेलरच्या ‘हूज मेकिंग लव्ह’ या सिंगलने कंपनीला श्वास मिळवून दिला होता. परंतु एक सिंगल म्हणजे एका हंगामाचे पीक. हेजच्या यशामुळे कणगी पुन्हा भरता येईल अशी आशा निर्माण झाली. १९७० मध्ये स्ट्युअर्ट आणि बेल यांनी जर्मनीच्या डॉइचे ग्रामोफोन कंपनीकडून पैसा उभा करून स्टॅक्स गल्फ अँड वेस्टर्नकडून परत विकत घेतली. एस्टेल ॲक्स्टन मात्र तोवर बाहेर पडली होती. जिच्या घराच्या गहाणावर हे सारे उभे राहिले, ती या वैभवकाळात तिथे नव्हती. इतिहासलेखनात तिला चार ओळी मिळतात. तिच्या दुकानाला एक स्वतंत्र धागा मिळायला हवा.

हेज आता तारा झाला. १९७१ मध्ये ‘शाफ्ट’ या चित्रपटाचे संगीत आले आणि त्यातील शीर्षकगीताला ऑस्कर मिळाले. त्याच वर्षी ‘ब्लॅक मोझेस’ निघाला. २० ऑगस्ट १९७२ रोजी, हेजच्या तिसाव्या वाढदिवशी, स्टॅक्सने लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये ‘वॉटस्टॅक्स’ हा महोत्सव भरवला. तिकीट एक डॉलर, श्रोते लाखभर. शेवटी हेज सोन्याच्या साखळ्यांचा अंगरखा घालून मंचावर आला. गुलामांच्या वंशजाने साखळी घालायची तर सोन्याची, हा त्यातील अर्थ प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावा लागला नाही.

त्याच्या वाटेने बरेच जण गेले. बॅरी व्हाइटने १९७३ पासून गाण्याआधीच्या खोल आवाजातील प्रेमळ बोलण्यावर आपली कारकीर्द उभी केली. मार्व्हिन गे, स्टीव्ही वंडर, कर्टिस मेफील्ड यांनी अल्बम ही एक सलग रचना मानली. १९७६ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावर ‘क्वाएट स्टॉर्म’ हा रात्री संथ प्रेमगीते लावणारा कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर त्याची नक्कल झाली. नाव स्मोकी रॉबिन्सनच्या अल्बमवरून आले. पण रात्री दिवा मंद करून अख्खी बाजू ऐकण्याची सवय हेजने लावलेली होती.

आणि पैसा? इथे पुन्हा कागदपत्रांकडे वळावे लागते.

गाण्यातून दोन प्रकारचे हक्क निर्माण होतात : रचनेचे आणि ध्वनिमुद्रणाचे. ‘हॉट बटर्ड सोल’मधील चारांपैकी तीन रचना इतरांच्या. म्हणजे रचनेची रॉयल्टी बॅकरॅक आणि डेव्हिड यांना, वेबला, आणि ‘वन वुमन’च्या कर्त्यांना. हेजचा रचनाकार म्हणून वाटा होता तो एकाच गाण्यात, त्या जीभ अडखळवणाऱ्या नावाच्या. आणि तिथेही अर्धेकरी अल बेल. ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीची. तिच्याकडून गायकाला ठरलेला वाटा मिळायचा, तोही कंपनीच्या खात्यात पैसे असतील तोवर.

ते राहिले नाहीत. १९७२ मध्ये स्टॅक्सने सीबीएस या बलाढ्य कंपनीशी वितरणाचा करार केला आणि तो तिला भोवला. तबकड्या दुकानांपर्यंत पुरेशा पोहोचेनात, बँकेचे कर्ज वाढत गेले. १९७४ मध्ये थकलेल्या लाखो डॉलरसाठी हेजने आपल्याच कंपनीवर दावा लावला. १९७५ च्या डिसेंबरात न्यायालयाने स्टॅक्सला दिवाळखोरीत काढले. पुढच्याच वर्षी साठ लाख डॉलरहून अधिक कर्जाखाली हेजनेही दिवाळे जाहीर केले. घर गेले, मालमत्ता गेली, आणि तोवर केलेल्या संगीताच्या भावी रॉयल्टीवरचा हक्कही गेला.

यात हेजच्या उधळपट्टीचाही वाटा होता, हे लपवण्याचे कारण नाही. सोन्याचा मुलामा दिलेली कॅडिलॅक गाडी करारातील कलमांमुळे येत नाही. परंतु ती गाडी त्याला त्याच्या कंपनीने, त्याच्या कराराचा भाग म्हणून दिली होती, आणि झगमगती भेट हातात पडली की खात्यातील हिशेब विचारायचा राहून जातो, ही त्या धंद्याची रीतच होती.

१९८८ मध्ये पब्लिक एनिमी या रॅप गटाने त्या जीभ अडखळवणाऱ्या गाण्यातील पियानोचा तुकडा घेऊन ‘ब्लॅक स्टील इन द अवर ऑफ केऑस’ बांधले. ‘वॉक ऑन बाय’चे तुकडे नव्वदीच्या दशकात द नटोरियस बी.आय.जी. आणि टुपाक या दोघांनीही वापरले. वाद्यांमधील ज्या मोकळ्या जागा हेजने १९६९ मध्ये हौसेने सोडल्या होत्या, त्यांतच नव्या पिढीने आपले शब्द बसवले.

मॅकलेमोर ॲव्हेन्यूवरील ती इमारत १९८९ मध्ये पाडली गेली. २००३ मध्ये त्याच जागी तशीच दर्शनी भिंत उभारून संग्रहालय उघडले. स्टुडिओच्या जमिनीला पूर्वीसारखा उतार दिला आणि हेजची ती कॅडिलॅक आत आणून ठेवली. हेज १० ऑगस्ट २००८ रोजी मेम्फिसमध्ये वारला.

ध्वनिमुद्रणांचे पुढे काय झाले, हे संग्राहकांना ठाऊक असते. स्टॅक्सची सर्व सिंगल एकत्र काढण्याचे काम नव्वदीच्या दशकात झाले तेव्हा ती तीन पेट्यांत आली. पहिली पेटी १९५९ ते १९६८ ची; ती १९९१ मध्ये अटलांटिकने काढली. पुढच्या दोन १९६८ ते १९७५ च्या. त्या फँटसी या कंपनीने, कारण दिवाळखोरीनंतर उरलेल्या फिती तिने विकत घेतल्या होत्या. हेजने रचलेले ‘सोल मॅन’ पहिल्या पेटीत आहे आणि हेजने गायलेले ‘वॉक ऑन बाय’ दुसऱ्या.